कारखान्यामागून जाणारी पॅसेंजर

माळावरून फिरून आलेल्या मेंढराच्या लोकरीत गोखरू अडकलेलं असतं. ते कुठल्या बांधावर अडकलं, मेंढराला सांगता येत नाही. आपण अंगावरून हात फिरवला की बोटाला लागतं. आमच्या कारखान्यातल्या किश्शांचं माझ्याकडं तसंच झालंय. मुद्दाम कुणी गोळा केले नाहीत. संध्याकाळी दोन जुनी माणसं शेजारी बसली, चहा आला, की एक बोटाला लागतो. तो काढेपर्यंत दुसरा लागतो.

मी फार शिकलेलो नाही आणि बोलतोही सावकाश. किस्सा सांगायला घेतला की शेवटाला पोचेपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा निवून जातो. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावेत.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि रोज एक नवं धुराडं उभं राहत होतं. खेड्याखेड्यातून माणसं कामाला येत होती. मी सोयगावकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. सय्यदभाई फुलंब्रीचा, तो क्रेन चालवायचा. रंगनाथ दौलताबादच्या पाटलांच्या घरातला, घरी पेरूच्या बागा. आणि उत्तम जालन्याच्या पुढच्या एका गावातला, बौद्धवाड्यातला. आमच्यात हात सगळ्यात चांगला त्याचा. चौघंही एकाच शेडमध्ये.

आमच्या सगळ्यांची अडचण एकच होती. गावाकडच्या माणसाला आपण नेमकं काय करतो ते दाखवायचं कसं? गेटवरचा वॉचमन सख्ख्या बापालाही आत सोडत नव्हता. पण शेडच्या मागच्या बाजूला नुसतं तारेचं कुंपण होतं, आणि कुंपणाला लागून रेल्वेचा रूळ. उकाड्यामुळे मागचं मोठं शटर दिवसभर उघडं असायचं. सकाळची पॅसेंजर तिथून इतक्या हळू जायची की आतल्या माणसाच्या मिशा दिसाव्यात.

त्यातून आमची पद्धत पडली. ज्याचा पाहुणा, तो पहिल्या पाळीला कामावर. दुसऱ्या पाळीचा माणूस पाहुण्याला घेऊन मुकुंदवाडीला गाडीत बसायचा. पाहुण्याला खिडकी द्यायची. शटर आलं की कामावरचा माणूस फडकं हलवायचा. मग पुढं मोठं स्टेशन, छावणी, लांबून मकबऱ्याचा घुमट, आणि दौलताबादला उतरून किल्ला. येताना परतीची गाडी. याला आम्ही ‘सैर’ म्हणायचो. शहराला पुढून बघायला रिक्षा लागते, मागून बघायला पॅसेंजर पुरते.

दाखवायला मी गेलो तर पाहुण्याचे हाल. ‘तो बघा मकबरा’ एवढं माझं बोलून होईपर्यंत डोंगर सुरू झालेला असायचा.

सगळ्यांचे पाहुणे येऊन गेले. येत नव्हती फक्त उत्तमची आई. तिचं पुढं येईलच.

*

ही पद्धत सुरू केली सय्यदभाईनं, आणि तीही लग्नापायी.

त्याला मुलगी बघितली होती, पण होणाऱ्या सासऱ्याला शंका. क्रेनवर आहे म्हणतो, क्रेन म्हणजे काय, तिथं बसून हा काय करतो, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो हो म्हणायला तयार नव्हता. गेटवरून त्याला परत पाठवलं. तेव्हा सय्यदभाईनं निरोप दिला की उद्या सकाळच्या गाडीत खिडकीपाशी बसा, मी वरून फडकं दाखवतो.

दुसऱ्या दिवशी इंजिनाचा आवाज आला. सय्यदभाई क्रेनच्या केबिनमध्ये उभा राहिला आणि जे हाताला लागलं ते फडकं जोरजोरात हलवू लागला.

फडकं लाल होतं.

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. अख्खी पॅसेंजर आमच्या शटरसमोर उभी! ड्रायव्हर उतरून शिव्या घालतोय, गार्ड मागून पळत येतोय, आणि सय्यदभाई वर केबिनमध्ये खाली वाकून लपलाय. त्या दिवसापासून नियम झाला, फडकं पिवळंच पाहिजे.

आम्हाला वाटलं, सोयरीक मोडली. पण संध्याकाळी सासरा पेढे घेऊन दारात. फुलंब्रीत जाऊन त्यानं सगळ्यांना एकच सांगितलं म्हणे.

"जो आदमी रेल रुका सकता, उसकू लड़की देने में क्या हर्ज है?"

*

नंतर माझा बा आला. तो आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसत होता. डब्यात चढताना त्यानं वहाणा काढून हातात घेतल्या. बाकावर घोंगडी अंथरली आणि मग बसला. त्याला घेऊन सय्यदभाई गेला होता.

मी शटरपाशी पिवळं फडकं घेऊन उभा. गाडी आली. बा मला खिडकीत स्पष्ट दिसला. मी हात दुखेस्तोवर फडकं हलवलं. बा बघत होता, पण माझ्याकडं नाही. मान वळवून वळवून तो कुंपणाच्या आतल्या मोकळ्या जागेकडं बघत होता. तिथं गुडघाभर गवत माजलं होतं.

घरी आल्यावर मी विचारलं, "बा, दिसलो का मी?"

"नाय बुवा. तू कुठं व्हतास?"

मला जरा वाईट वाटलं. पण त्याचं मन दुसरीकडंच होतं. रात्री जेवताना त्याचा घास हातातच राहिला. मग मला म्हणाला, "भानुदास, तुझा मालक गरीब दिसतो."

मी म्हटलं, "बा, एवढा मोठा कारखाना आहे त्याचा."

"असंल. पर येवढं गवत हाय, आन् एक मेंढरू नाय त्याच्याकडं."

*

रंगनाथचा चुलता आला तो पांढरं धोतर, फेटा, हातात काठी घेऊन. गावातलं मोठं माणूस. पुतण्या शहरात साहेब आहे अशी त्याची समजूत होती आणि रंगनाथनं ती कधी मोडली नव्हती.

आमच्याकडं चाल अशी की पाळी कुठलीही असो, हातातलं काम उरकलं की ज्यानं त्यानं आपलं मशीन आपण झाडायचं. त्यात लहानमोठं काही नाही. त्या दिवशी रंगनाथचं काम लवकर उरकलं. गाडी यायला आणि त्यानं झाडू हातात घ्यायला एकच गाठ पडली. फडकं हलवायचं तो साफ विसरला. विसरणं हा त्याचा स्वभावच.

पाटलाचं पोर झाडू मारताना चुलत्यानं खिडकीतून बघितलं. मोठ्या स्टेशनावर तो उतरूनच गेला. सोबत मी होतो. मी "पाटील, दौलताबाद..." म्हणेपर्यंत ते फलाटाच्या टोकाला पोचले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कारखान्याच्या गेटवर हजर. बरोबर त्यांच्या शेतावरचा गडी. वॉचमनला म्हणाले, "साहेबांना सांगा, आमच्या रंगनाथच्या मागं ह्यो झाडू मारील. ह्याचं खाणंपिणं आम्ही बघू. पोराच्या हातात झाडू नको."

नेमके मोठे साहेब तेव्हाच गाडीतून उतरत होते. त्यांनी त्या गड्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. आडदांड, घोटीव अंगाचा माणूस. माल उचलायला माणसं कमीच होती. त्यांनी विचारलं, "काम करणार का?" गडी म्हणाला, "व्हय." त्यांनी त्याला तिथल्या तिथं आत घेतलं.

महिनाभरात तो रंगनाथच्या शेजारी उभा राहून आपलं मशीन आपण झाडू लागला.

चुलते नंतर जो भेटेल त्याला सांगायचे, "पुतण्या गेला ते गेलाच, चांगला गडी बी घेऊन बसला कारखाना."

*

आमच्या मंडळींचं, म्हणजे कौसाचं, तर वेगळंच. माहेरचं कुणी आलं की तीही सैरीला निघायची. रुळाच्या कडेला घरांची एक रांग होती. त्यातल्या एका परसात एक बाई नेहमी धुणं वाळत घालत असायची. पहिल्यांदा कौसानं सहज हात हलवला. बाईनंही हलवला. मग ते चालूच राहिलं. तिच्या पोटात मूल आहे हे कौसाला गाडीतून कळलं. दोरीवर लंगोट दिसले, तेव्हा बाळंत झाल्याचं कळलं. त्या दिवशी कौसानं घरी येऊन गोडाचं केलं.

एकदा मी सोबत असताना शहागंजच्या बाजारात भाजीवाल्यापाशी एका बाईशी कौसाचं जुंपलं. मेथीची शेवटची जुडी कुणाची, यावरून. दोघी पुरत्या इरेला पेटल्या. शेवटी ती बाई जुडी घेऊन तणतणत निघाली. थोडं लांब गेल्यावर मूल काखेवर घेऊन तिनं मागं वळून रागानं हात हलवला.

कौसा तिथंच थांबली. "अगं बाई," ती मला म्हणाली, "ही तर आपली धुण्यावाली."

तिनं पळत जाऊन बाईला गाठलं, आणि दोघींनी ती मेथी एका दुकानाच्या पायरीवर बसून अर्धी अर्धी केली.

*

आता उत्तमकडं येतो.

विद्यापीठाला नवं नाव द्यायचं ठरलं होतं, आणि ते द्यायचं की नाही यावरून मराठवाडा पेटला होता. उत्तमच्या लोकांना ते नाव जिवापेक्षा मोठं. त्यावरून गावागावात त्यांची घरं जाळली गेली. जाळणारे बाहेरून आले नव्हते. गावातलेच होते, रोज रामराम घालणारे.

उत्तमचं घरही गेलं. आई अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली आणि मनमाडला भावाकडं जाऊन राहिली. राखेतून एक पितळी पेला तेवढा निघाला. एका अंगानं काळा पडलेला. किती घासला तरी तो डाग निघाला नाही. तो पेला तिनं उत्तमला दिला.

तिचं म्हणणं एकच होतं. हा मुलूख सोड, मनमाडला ये, मामानं काम बघून ठेवलंय. उत्तमला जायचं नव्हतं. तो म्हणायचा, "लढा इथं हाय. मी तिकडं जाऊन काय करू?" पण आईचा शब्द तो मोडणार नव्हता, हेही आम्हाला माहीत होतं. त्यानं तिला निरोप दिला की एकदा मी काम करतो ते बघ, मग सांग. तू म्हणशील ते करीन.

तिनं उलटा निरोप पाठवला, "काम नको दाखवू. तिथं तुला पाणी कोण देतं ते दाखव."

या प्रश्नाचं उत्तर सोपं नव्हतं. आमच्या शेडमध्ये पाण्याचा एक रांजण होता. त्यात दांड्याचं ओगराळं. पण पेला ज्याचा त्याचा. प्रत्येकानं ड्रिलवर पेल्याच्या काठाला भोक पाडून तारेची कडी घातलेली, आणि रांजणामागच्या भिंतीला प्रत्येकाचा एक खिळा. दिसायला सोयीचं. त्यामागं काय आहे ते कुणी बोलत नव्हतं. जाळपोळ झाली आणि ते न बोलताच दिसू लागलं. एकेक जण आपला पेला पेटीत कुलपाआड ठेवू लागला. खिळे रिकामे होत गेले. शेवटी भिंतीवर पेले राहिले चार. सय्यदभाईचा, उत्तमचा, माझा आणि रंगनाथचा.

रंगनाथचा तरी कसला म्हणा. त्याला स्वतःचा पेला कधी सापडलाच नाही. कामातून उठायचा, हाताला लागेल तो पेला घ्यायचा, डोळे मिटून घटाघटा प्यायचा. वर नेमका भोकाच्या बाजूनं. त्यामुळे त्याचा शर्ट छातीवर कायम ओला.

त्याच्याच गावचा एकजण शेडमध्ये होता. एके दिवशी त्यानं सगळ्यांसमोर टोकलं, "रंग्या, पेला बघून घेत जा. दिवस कोणते चाललेत?"

रंगनाथच्या हातात तेव्हा काळ्या डागाचा पेला होता. तो संपेपर्यंत प्याला, तोंड पुसलं आणि म्हणाला,

"पाणी पिताना माझे डोळे मिटत्यात. काय करू?"

*

त्याच दिवसांत उत्तम सत्याग्रहाला गेला आणि त्याला पकडलं. इकडं कारखान्यात सांगायचं काय? मोर्चात पकडलेल्या माणसाला कामावर ठेवतील याची खात्री नव्हती. नोकरी गेली असती तर आईचं म्हणणं आपोआपच खरं झालं असतं.

रंगनाथ पुढं होऊन फोरमनला म्हणाला, "साहेब, उत्तमला लई ताप आहे. अंथरुणातून उठवत नाय. त्याचं मशीन मी बघतो."

फोरमन कडक माणूस. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि "बरं" म्हणाले. रंगनाथ दोन मशीनच्या मध्ये पळत राहिला.

तीन-चार दिवसांनी सकाळी फोरमन आमच्या शटरपाशीच उभे होते. नेहमीची पॅसेंजर आली. इथलं जेल भरलं म्हणून सत्याग्रहींना रेल्वेनं दुसऱ्या गावी नेत होते, हे आम्हाला कुठं माहीत? पोलिसांचा डबा शटरसमोर आला. खिडकीत उत्तम. आम्हाला बघून त्याला एवढा आनंद झाला, की खिशातून रुमाल काढून त्यानं जोरजोरात हलवायला सुरुवात केली. इतकी वर्षं आम्ही आतून हलवायचो, आज तो बाहेरून हलवत होता.

आमच्यापैकी कुणाचा हात उठेना. फोरमन मध्ये उभे. गाडी गेली. कुणी कुणाकडं बघेना.

फोरमननी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ताप उतरलेला दिसतोय," ते म्हणाले. दोन पावलं गेल्यावर मागं वळून रंगनाथला म्हणाले, "आला की आधी पोटभर जेवायला घाला त्याला. तापातून उठलेल्या माणसाला भूक लागते."

*

उत्तम सुटून कामावर आला आणि थोड्या दिवसांनी आईचा निरोप आला. जळालेल्या घराची जागा बघायला ती गावाकडं गेली होती. परत मनमाडला निघाली होती, याच पॅसेंजरनं. शहरात पाय ठेवणार नाही म्हणाली. पण गाडी कारखान्यामागून जातेच आहे, तर बघेन. जे सांगायचं ते दौलताबादपर्यंत सांगेन. तुझं कुणी माणूस असेल तर त्याला गाडीत बसव.

त्या दिवशी दुसरी पाळी माझी होती. म्हणजे बसायचा मीच.

उत्तम आदल्या संध्याकाळी माझ्या घरी आला. मी म्हणालो, आपण जरा ठरवून ठेवू. ती बघेल तेव्हा सगळे मिळून रांजणापाशी उभे राहू, एकमेकांना पाणी देऊ.

"नाय भानुदासभाऊ," तो म्हणाला. "तिला सोंग कळतं. जे रोज असतं तेच दिसू दे. ती चल म्हणाली तर जाईन."

मुकुंदवाडीला गाडी आली. डबे बघत गेलो. तिसऱ्या डब्यात खिडकीशी एक वाळकी म्हातारी, मांडीवर गाठोडं. चेहऱ्यावरून ओळखली. तसंच कपाळ, तसेच डोळे.

"माय, मी भानुदास. उत्तमच्या शेडमधला."

तिनं सरकून जागा दिली. गाठोडं सोडलं नाही. गाडी सुटली तसं तिनं विचारायला सुरुवात केली. शेडमध्ये कोण कोण? मी सांगितलं. सय्यदभाई, फुलंब्रीचा. मी, धनगराचा. रंगनाथ, दौलताबादचा.

"दौलताबादचे कोणते?"

मी आवाज खाली घेतला. "पाटलांच्या घरातले."

ती खिडकीबाहेर बघू लागली. मग एकदम म्हणाली, "पाणी कुठं असतं?"

"शटरच्या आतच, माय. रांजण आहे. दिसंल."

कारखाना जवळ आला. गाडी नेहमीसारखी हळू झाली. शटर दिसलं. उत्तम पिवळं फडकं घेऊन उभा होता. आणि माझ्या मनात आलं, की एवढ्याशा वेळात ही काय बघणार आणि काय ठरवणार? डोळ्याचं पातं लवेपर्यंत गाडी पुढं जाईल.

तेवढ्यात ब्रेक लागले. खडखडत, हिसके देत गाडी थांबली. बरोबर शटरसमोर.

सिग्नल तर पडलेला होता, वाट मोकळी होती. मी वर बघितलं. क्रेनच्या केबिनमध्ये सय्यदभाई काहीतरी घाईघाईनं खिशात कोंबत होता. पुढं इंजिनाकडून ड्रायव्हरच्या शिव्या ऐकू येऊ लागल्या.

म्हातारीचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं उत्तमकडं एकदाच बघितलं. मग त्याच्या मागं बघितलं. रांजण बघितला. रांजणामागची भिंत बघितली.

"येवढे खिळे," ती म्हणाली, "आन् पेले तीनच?"

मी बोलायला तोंड उघडलं, तोवर तिनं पुढचं विचारलं.

"माझ्या उत्तमचा पेला कुठंय?"

मी बघितलं. सय्यदभाईचा होता. माझा होता. रंगनाथचा होता. उत्तमचा खिळा रिकामा होता.

तिनं गाठोडं पोटाशी ओढून धरलं. उत्तमला आतून ते दिसलं असावं, कारण त्याच्या हातातलं फडकं खाली आलं.

आणि मशीनच्या मागून रंगनाथ बाहेर आला. मान मागं टाकलेली, डोळे मिटलेले, शर्ट छातीवर ओला. काळ्या डागाचा पितळी पेला तोंडाला लावलेला. घटाघटा पीत तो शटरपर्यंत आला. पेला रिकामा झाला तेव्हा त्यानं डोळे उघडले. समोर अख्खी गाडी उभी, आणि खिडकीखिडकीतून माणसं त्याच्याकडं बघतायत.

म्हातारी त्या पेल्याकडं बघत होती. ड्रायव्हर ओरडतच होता. कुणीतरी वर सय्यदभाईकडं बोट दाखवत होतं.

"ए बाबा," तिनं खिडकीतून हाक मारली. "कोण रे तू?"

"रंगनाथ," तो म्हणाला. उत्तमनं त्याला हळूच काहीतरी सांगितलं, तसा त्याचा चेहरा उतरला. त्यानं पेल्याकडं बघितलं, शर्टाकडं बघितलं.

"मला बी दे पाणी," ती म्हणाली.

रंगनाथ पळत रांजणाकडं गेला. ओगराळं भरलं. आधी पेला विसळायला म्हणून त्यानं तो वाकडा धरला.

"धुऊ नको," म्हातारी म्हणाली. "तसाच भर."

रंगनाथचा हात थांबला. मग त्यानं पेला काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांत धरून कुंपणाच्या फटीतून रुळापर्यंत आला. टाचा उंचावून त्यानं पेला वर धरला. म्हातारीनं सवयीनं ओंजळ पुढं केली. तो पेला तसाच धरून उभा राहिला. ओतलं नाही. तिनं एकदा ओंजळीकडं बघितलं, मग ओंजळ सोडली आणि पेला घेतला.

इंजिनानं शिट्टी दिली. ती पहिल्या घोटालाच भोकाच्या बाजूनं प्याली. पाणी पदरावर सांडलं. तशीच ती पीत राहिली, आणि गाडी हलली. रंगनाथ आणि उत्तम शेजारीशेजारी मागं मागं गेले. फडकं हलवायचं दोघांनाही सुचलं नाही.

मोठं स्टेशन गेलं. छावणी गेली. ‘तो बघा मकबरा’ मी म्हटलंच नाही. ती ओल्या पदरावर पेला धरून बसली होती. अंगठा काळ्या डागावरून फिरत होता.

दौलताबाद आलं. मी उठलो. दाराशी थांबलो. उत्तमला काय सांगायचं, ते विचारायचं होतं, पण शब्द जुळवेपर्यंत शिट्टी झाली. मी खाली उतरून तिच्या खिडकीपाशी गेलो.

तिनं पेला माझ्या हातात दिला.

"त्याच्या खिळ्याला लाव," ती म्हणाली. "उद्या लागंल दोघांना."